पुढच्या चाकातली हवा

परवा नातीबरोबर मेट्रोने गेले. आमच्या पेठेच्या खालूनच जाते आता ती. डब्यात एक माणूस सायकल घेऊन चढला. डोक्याला टोप, अंगाला चिकटलेले कपडे, पायात महागाचे बूट. सायकल कठड्याला टेकवली, कानात बोंडं घातली आणि डोळे मिटून घेतले. सायकल माझ्या गुडघ्याशीच होती. मी हात पुढे करून तिचं पुढचं चाक अंगठ्याने दाबलं, मग मागचं दाबलं.

"आजी, काय करतेस?" नात पुटपुटली.

"दोन्ही सारखीच आहेत."

"मग?"

"मग काही नाही."

त्या माणसाने एक डोळा उघडला. म्हातारी हवा सोडते की काय, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. गाडीत सायकल ठेवून डोळे मिटणारा माणूस मला कधी शहाणा वाटला नाही.

घरी आल्यावर नातीने खोदून खोदून विचारलं. सांगितलं तर म्हणाली, लिहून काढ. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जमेल तसं लिहिते.

मी धायरीची. तेव्हा ते गाव होतं. आता तिथे आमचं घर कुठे होतं ते मलाही दाखवता यायचं नाही. लग्न होऊन कसबा पेठेत आले. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे बांबूचंच काम. सुपं, टोपल्या, दुरड्या, कोंबड्या झाकायची डालगी. नवऱ्याला मी मालक म्हणायची. मालक बांबू फोडायचे, सासू आणि मी विणायचो. विकायला सासू दारात बसायची. पण आळीत प्रत्येक दारात तोच माल. गिऱ्हाईक एका दारातून उठायचं, शेजारच्या दारात जाऊन बसायचं आणि आमच्या दोघांचेही भाव पाडून तिसऱ्याकडून घ्यायचं. सुपं जिथे पाखडायला लागतात तिथेच ती नेऊन विकावीत, असं माझ्या डोक्यात आलं. मालकांना पटलं. सासूने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला सांभाळायला सासू तयार झाली, हेच मी हो समजले.

माझा मोठा भाऊ, दादा, त्याने बांबू कधीच सोडला होता. धायरी फाट्यावर त्याची सायकल दुरुस्तीची टपरी होती. तो म्हणाला, "बारके, वाड्यावस्त्या पायी फिरून मरशील. सायकल घे."

जुन्या सायकलींचे भाग जोडून त्याने मला एक सायकल बांधून दिली. दांडीची, पुरुषांची. नऊवारीचा कासोटा असला की दांडी आडवी येत नाही. लहानपणी त्याच्याच टपरीमागे मी शिकले होते. सायकल घेऊन तो स्वतः पेठेत आला. सासूने सायकलीभोवती एक फेरी मारली.

"केवढ्याला पडली?" तिने मला विचारलं.

"दादाने दिली."

"फुकट?"

"भाऊ आहे माझा."

"म्हणून तर विचारते," सासू म्हणाली आणि आत गेली.

मला फार राग आला. आमच्या सासूचा स्वभावच तसा. दूध घेतलं की बोट बुडवून बघायची, पाव्हणे गेले की भांडी मोजायची. माझ्या माहेरच्या माणसालाही ती त्याच रांगेत बसवते, हे मला खपलं नाही. मी तिच्याशी पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलले.

बाजाराचं गाव लांब होतं, डोंगराच्या पायथ्याशी. टोपल्यांचा ढीग लादून तिथवर सायकल मारणं शक्यच नव्हतं. म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी स्वारगेटला जायचं, सायकल आणि माल एस.टी.च्या टपावर चढवायचा, तिथे उतरायचं, थोडा माल बाजारात विकायचा, उरलेला सायकलीला बांधून वस्त्यांवर फिरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने सायकलीसकट परत यायचं. सायकल टपावर टाकणारी मी एकटी नव्हते. दूधवाले असायचे, गवंडी असायचे. बाई मात्र मी एकटीच.

टपावर सायकल चढवण्याची एक रीत होती. टपाचा पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो, चाकात हवा असेल तर ट्यूब फुटते. म्हणून चढवण्याआधी दोन्ही चाकांची हवा सोडायची. कंडक्टर आधी चाकं दाबून बघायचा आणि मगच लगेजचं तिकीट फाडायचा. हवा सोडायला मी कधी विसरत नव्हते. एकदा एका गवंड्याची ट्यूब चालत्या गाडीत फुटली, तेव्हा आतल्या बायकांनी गोळीबार झाल्यासारखा आरडाओरडा केला होता. तो कंडक्टर त्यानंतर जास्तच कडक झाला.

परत येताना गाडी धायरी फाट्यावर चहाला थांबायची. दादा आणि वहिनी माझी वाट बघतच असायचे. वहिनी मला हाताला धरून टपरीच्या पलीकडे, हॉटेलच्या बाकावर न्यायची. चहा, कधी भजी, मुलीसाठी पुडीत बांधलेलं काही. दादा म्हणायचा, "तू बस निवांत. मी टपावर जाऊन दोर बघतो. ह्या रस्त्याला लई खड्डे हायत, सायकल घासती." मग तो मागच्या शिडीने वर जायचा. सासरी मला कुणी असं बसवून चहा दिला नव्हता. त्या बाकावर बसले की दिवसभराचा शीण जायचा.

पुढे जकात नाका. तिथले शिपाई टपावर चढून माल बघायचे. मग स्वारगेट. तिथे पंपवाला बसायचा, त्याच्याकडून हवा भरून मी सायकलवर घरी यायची.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी पंपवाल्याने मागचं चाक भरलं, पुढचं दाबलं आणि पंप बाजूला ठेवला.

"ह्यात आहे की हवा, बाई."

"कशी असेल? मी सोडली होती."

"दाबा ना. तुम्हाला काय माझा अंगठा खोटा वाटतो?"

मी दाबलं. चाक दगडासारखं कडक होतं. मला वाटलं, मीच विसरले असेन. पण मी विसरले असते तर कंडक्टरने गाडीत घेतलीच नसती. घरी येताना सायकल जड वाटत होती. आमच्या दाराला दगडाची उंच पायरी आहे. एरवी मी पुढचं चाक एका हाताने उचलून पायरीवर ठेवायची. त्या दिवशी दोन हात लागले.

सकाळी दादा आला. तो बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शहरात सायकलीचे भाग घ्यायला यायचा आणि वाटेत आमच्याकडे डोकावायचा. "चाकाचा आउट काढून देतो," म्हणून माझी सायकल आळीच्या तोंडाशी घेऊन जायचा. चाक वेडंवाकडं फिरायला लागलं की ते सरळ करण्याला आउट काढणं म्हणतात. त्याच्या सायकलच्या कॅरिअरला नेहमी एखादं सुटं चाक बांधलेलं असायचं. सायकलवाल्याकडे चाक असणारच, त्यात बघण्यासारखं काय! तो सायकल परत आणून लावायचा, सासूच्या हातचा चहा प्यायचा, मुलीला उचलून घ्यायचा आणि जायचा.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम लक्ष ठेवून दोन्ही चाकांची हवा सोडली. स्वारगेटला पुन्हा मागचं चाक बसलेलं आणि पुढचं कडक. आता मात्र मला कंडक्टरचा संशय आला. ह्याने वाटेत कुठेतरी माझी सायकल उतरवली असणार, कुणाला तरी वापरायला दिली असणार आणि हवा भरून पुन्हा वर टाकली असणार. मी बाजारात असते तेव्हा सायकल माझ्याकडेच असते, आणि गाडीत असते तेव्हा मी गाडीतच असते, हा विचार मी केला नाही. संशय आला की माणूस आधी परका शोधतो.

मी स्वारगेटलाच त्याला गाठलं.

"मास्तर, माझी सायकल कोण चालवतं?"

तो पैशांची पिशवी खांद्याला अडकवत होता. "टपावर? टपावर कोण चालवणार, बाई? वर रस्ता आहे का?"

"चाकात हवा कुठून आली?"

"हवा का? ती सगळीकडेच असते. तिचं तिकीट घेत नाही आम्ही."

"चेष्टा करू नका. वर कोणीतरी हात लावतं."

"वर सकाळी हमाल चढतो, नाक्यावर शिपाई चढतो आणि फाट्यावर तुमचा भाऊ चढतो. चौथा कोणी चढलेला दाखवा, मी त्याचं लगेज कापतो."

"माझ्या भावाचं नाव घेऊ नका."

"बरं. घेत नाही. मग तिघांतला एक वजा करा, दोन राहिले," असं म्हणून तो डेपोत निघून गेला. हसलाही नाही. पुण्याचे कंडक्टर हसत नसत.

मी घरी येऊन मनातल्या मनात आधी हमाल धरला, मग शिपाई धरला. रात्रभर नुसती हीच उलटापालट. एकदा सासूवरही शंका घेऊन झाली, की मी घराबाहेर पडू नये म्हणून हिनेच कुणाला तरी माझ्यामागे लावलं असेल. सासू तर त्या आळीतून मारुतीपर्यंतसुद्धा कधी जात नव्हती. तरी मी शंका घेतली. दादा मात्र मनात आला नाही. आला असेल तर मी त्याला लगेच दुसरीकडे वळवला असेल.

शेवटी मी एक खूण केली. बांबूची अगदी पातळ पट्टी तासली आणि पुढच्या चाकाच्या एका तारेला, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीच्या, अगदी जवळ गुंडाळून बसवली. आमच्या हाताची गुंडाळी सहज सुटत नाही, आणि बघणाऱ्याला ती कचऱ्याची काडी अडकल्यासारखी दिसते. कुणाला काही बोलले नाही.

बाजाराला गेले, फिरले, सायकल टपावर चढवताना पट्टी बघितली. होती. फाट्यावर चहा प्याले. स्वारगेटला सायकल खाली आली तेव्हा पट्टी नव्हती. पडली असेल म्हणावं तर तारेवर ओरखडासुद्धा नव्हता. घरी येऊन कंदील धरून बघितलं. रिमवरचा गंज वेगळा होता. ते चाकच माझं नव्हतं.

सकाळी दादा आला, आउट काढायला सायकल घेऊन गेला आणि परत घेऊन आला. तो चहा पीत असताना मी अंगणात जाऊन बसले. चाकाच्या तारेवर माझी पट्टी होती, जशी बांधली तशी.

मी तिथेच बसून राहिले. आत दादा सासूला म्हणत होता, "मावशी, तुमच्या चहाची सर आमच्याकडं न्हाई." सासू म्हणाली, "दूध पाणी न घालता टाकलं की येते." दादा जोरात हसला. माझ्या मुलीला त्याने मांडीवर घेतलं होतं. मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरकडे बघितलं. त्याला एक चाक बांधलेलं होतं, आणि त्यावरचा गंज मला ओळखू आला.

चाक कशाला बदलत होता, ते मला अजून समजलं नव्हतं. ते पुढच्या आठवड्यात समजलं. तेव्हा दारूबंदी होती. नाक्यावरचे शिपाई जकातीच्या मालाबरोबर दारूही शोधत. त्या दिवशी आमच्याच गाडीतल्या एका दूधवाल्याची सायकल त्यांनी टपावरून खाली घेतली. शिपायाने टायरला नाक लावलं आणि ट्यूबला भोक पाडलं. हवेऐवजी धार लागली. वास गाडीतल्या शेवटच्या बाकापर्यंत आला. दूधवाला हात जोडून म्हणत होता, "साहेब, मला ठाऊक न्हाई, सायकल दुरुस्तीला दिलती." शिपाई म्हणाला, "हो, सगळ्यांची दुरुस्तीलाच दिलेली असते." त्याला घेऊन गेले. तो पुढे येरवड्यात बसला.

माझी सायकल तिथेच वर होती. शिपायाने तिच्याकडे बघितलं, मग विचारलं, "ही कुणाची?" कंडक्टर म्हणाला, "ह्या बाईंची. टोपल्या विकतात." शिपाई खाली उतरला. टोपल्या विकणाऱ्या बाईच्या सायकलीला कोण नाक लावणार! तेवढ्यासाठीच तर मला सायकल मिळाली होती.

त्या संध्याकाळी मी पंपवाल्याकडे थांबलेच नाही. सायकल ढकलत घरी आणली, अंगणात पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह थोडा सैल केला. हवा सुटल्याचा आवाज आला नाही. बोटावर थेंब आला. वास घेतला आणि व्हॉल्व्ह पुन्हा आवळला. पहिल्या धारेची होती ती, पाणी न घातलेली. डोळ्यांना झोंबली.

आत मुलगी सासूजवळ झोपली होती. मालक दुसऱ्या दिवसाचे बांबू भिजत घालत होते. मला पकडलं असतं तर तुरुंग होताच, पण तुरुंगातून माणूस कधीतरी सुटतो. सासरच्या दाराला मी पुन्हा हात लावू शकले नसते. मुलगी राहिली असती इथे आणि मला माहेरी धाडलं असतं, म्हणजे दादाच्याच घरी. मालकांना सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मालक तापट. ते फाट्यावर जाऊन काहीतरी करून बसले असते, आणि पहिला प्रश्न मलाच विचारला असता, की इतके आठवडे तुला कळलं कसं नाही. मला खरंच कळलं नव्हतं, हे अजूनही कुणाला पटणार नाही.

मी गप्प बसले. सकाळी दादा आला, चाक बदलून गेला. जाताना मला म्हणाला, "बारके, आज तोंड का उतरलंय?"

"झोप नाही झाली."

"पुढच्या बाजाराला जाणार न्हवं?"

"जाणार की."

हे त्याने मायेने विचारलं की चाकासाठी, ते मला सांगता येणार नाही. त्यालाही आलं नसतं.

पुढच्या बाजाराला मी गेले ती सुपाच्या कडा शिवायचं दाभण कमरेला खोचून. दिवसभर माल विकला. किती विकला, कुणाला विकला, काही आठवत नाही. संध्याकाळी फाट्यावर गाडी थांबली तशी वहिनी आलीच.

"चला वन्सं, भजी गरम हायत."

बाकावर ती मला नेहमी एका बाजूला बसवायची, गाडीकडे पाठ करून. त्या दिवशी मी समोरच्या बाजूला बसले.

"अवो तिकडं ऊन लागंल डोळ्यांत. हिकडं बसा की."

"लागू दे."

"तुम्ही बी ना," ती म्हणाली आणि मध्ये येऊन उभी राहिली. मी मान वाकडी करून तिच्या पदराखालून बघितलं. दादा खांद्याला चाक अडकवून शिडीने वर चढला. कंडक्टर त्याच्या बाजूने चहाचा ग्लास घेऊन गेला. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. सायकलवाला चाक घेऊन सायकलीकडे चाललाय, यात कुणाला काय दिसणार? दादा पाना घेऊन वाकला. पुढच्या चाकाचे दोन नट सोडायला त्याच्यासारख्याला कितीसा वेळ लागतो! मी भजी खाल्ली नाहीत. चहाही घेतला नाही. तो माझं चाक घेऊन उतरला आणि टपरीत गेला तशी मी उठले.

"कुठं निघाला?" वहिनीने माझा दंड धरला.

"दोर बघते. रस्त्याला खड्डे आहेत."

तिने हात सोडला. तिचा चेहरा बघितला आणि माझी उरलीसुरली शंका मिटली. तिलाही सगळं ठाऊक होतं.

मी कासोटा घट्ट केला आणि शिडीने वर चढले. खिडकीतून दोघातिघांनी माना बाहेर काढल्या. "अहो बाई, पडाल!" "कंडक्टर, बाई वर चढलीय तुमची!" टपाचा पत्रा अजून गरम होता. मी दाभण काढलं आणि टायरच्या बाजूच्या कापडात घातलं, पूर्ण. बाहेर काढल्यावर बारीक धार लागली. मग आणखी दोन ठिकाणी घातलं. दारू पत्र्यावरून वाहत मागच्या शिडीवर आली आणि पायरीपायरीने खाली गेली. दादा धावत आला तो नेमका तिच्याखाली.

"बारके!" तो खालच्या आवाजात म्हणाला. "अगं काय केलंस हे?"

"हवा सोडली. राहिली होती."

"खाली ये. आधी खाली ये तू."

तेवढ्यात कंडक्टर आला. त्याने शिडीला बोट लावलं, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

दादा ओला चेहरा पुसायला लागला. मी दाभण परत कमरेला खोचलं. भावाला माझ्या तोंडाने बांधून द्यायचं नव्हतं. आणि सायकल माझी होती, तिकीट माझं होतं, हे त्यात आलंच.

"बरं, कोणाचंच नाही," कंडक्टर म्हणाला. "मग ऐका. ही सायकल आत्ता खाली. माझ्या गाडीवर ती पुन्हा दिसायची नाही. ना ह्या बाईंची, ना ह्यांच्या हातून गेलेली दुसरी कुठली. आणि कुणीतरी बादलीभर पाणी आणा. नाक्यावर मी काय सांगू, शिडी पिऊन आली म्हणून?"

सायकल खाली आली. पाणी दादानेच आणलं, शिडी त्यानेच धुतली. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"माझ्याऐवजी तुझ्या बायकोला का नाही बसवलंस गाडीत?"

"तुला कोण धरणार हुतं? बाईमाणसाला कोण धरतंय?"

"दूधवाल्याला धरला."

"तो बाप्या हाय." मग म्हणाला, "सायकल कुठनं आली वाटलं तुला? पार फुकट?"

सासूचा शब्द त्याच्या तोंडून आला. मी सायकल त्याच्या टपरीला टेकवली.

"घे. फुकटची होती."

"अगं पण तुझा धंदा?"

"तो माझा होता. तुझा वेगळा."

गाडीची घंटा वाजली. मी आत जाऊन बसले. नाक्यावर शिपाई वर चढला आणि उतरला. मी पदर तोंडावर धरून बसले होते, आपल्याच अंगाला वास येतोय असं वाटून.

घरी सासूने पहिला प्रश्न विचारला, "सायकल?"

"परत दिली."

"का?"

"नको झाली."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. दुधात बोट बुडवायची तशी बघायची ती. मालक म्हणाले, चांगली सायकल सोडलीस, आता सगळं डोक्यावरून नेणार का? मी म्हणाले, नेईन. सायकलीशिवाय मी पूर्वीच्या निम्मा माल नेऊ शकत होते, हे मला माहीत होतं. दोन-तीन बाजारांनी धंदा बंद पडणार, हेही दिसत होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पहाटे उठले तर सासू जुनेर नेसून, अर्ध्या टोपल्या बांधून दारात उभी. मुलगी शेजारणीकडे झोपवून आली होती. जन्मात आळीबाहेर न गेलेली बाई.

"तुम्ही कुठे?"

"बाजाराला. बघू तरी तू जातेस कुठे ते."

आळीतल्या बायका म्हणाल्या, सासू किती चांगली, सुनेच्या मदतीला निघाली. ती माझ्यावर नजर ठेवायला आली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही तेच केलं असतं. पण ती वस्त्यांवर फिरली, घासाघीस केली, एका बाईला तर सुपात पाणी ओतून दाखवलं की बघ, किती वेळ थांबतंय. सगळा माल खपला.

संध्याकाळी गाडी फाट्यावर थांबली. आम्ही उतरलो नाही. दादा खिडकीपाशी आला. जसं काही झालंच नव्हतं. माझ्याकडे न बघता त्याने सासूला हात जोडले.

"मावशी, तुम्ही कशा काय? येवढी पिशवी तेवढी न्या की. पेठेत माझा एक माणूस येऊन घेऊन जाईल."

कापडाची पिशवी होती, तोंड शिवलेली. सासूने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता घेतली तर सांगावं लागेल, सगळ्या गाडीसमोर.

"आमच्या हातात जागा नाही, दादा," मी म्हणाले.

आमच्याकडे एक टोपली उरली नव्हती. सासूने आपले दोन्ही मोकळे हात मांडीवर ठेवले, एकावर एक.

"हो ना," ती म्हणाली. "जागाच नाही बघा."

दादा पिशवी घेऊन परत गेला. स्वारगेट येईपर्यंत सासूने काही विचारलं नाही. घरी गेल्यावरही नाही. पुढच्या बाजाराला ती पुन्हा टोपल्या बांधून दारात उभी होती, आणि त्याच्याही पुढच्या. ती माझ्यावर नजर ठेवायला येत होती की माझ्याबरोबर येत होती, ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, असं मला वाटत नाही.